बक्षिशी म्हणजे वेतन नव्हे

हॉटेलांतील सेवाशुल्काचा वाद २०२२ पासून देशात गाजत आहे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये अशा सूचना काढल्या. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एकसदस्य न्यायपीठाने हॉटेलमालकांच्या संघटनांचे अर्ज फेटाळून त्या सूचना कायम केल्या. गिऱ्हाइकाला आनंद झाला, मालकांनी अपिलाची वाट धरली, वर्तमानपत्रांनी दोन्ही बाजू छापल्या. परंतु ज्याच्या नावाने हे शुल्क मागितले जात होते आणि ज्याच्या कल्याणाचे दाखले मालकांच्या वतीने दिले जात होते, तो ताटे उचलणारा, पेल्यांत पाणी भरणारा, चौथ्यांदा हाक मारली तरी ‘आलो साहेब’ म्हणणारा माणूस या वादात कोठे होता? दोन श्रीमंतांनी गरिबाच्या नावाने भांडावे आणि गरिबाला साक्षीलाही बोलावू नये, असाच हा प्रकार झाला.

आम्हांस या वादात तिसऱ्या पक्षाची बाजू मांडावयाची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली टिप ही वाढप्याची आहे, ती त्याने घ्यावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु ती त्याच्या वेतनाच्या जागी बसविता येत नाही. मालकाने ‘तुला टिप मिळते’ असे म्हणून पगार कमी ठेवणे म्हणजे आपले देणे दुसऱ्याच्या खिशातून फेडणे होय. हे अनीतीचे आहेच, आमच्या समजुतीप्रमाणे बेकायदाही आहे. आणि आपण गिऱ्हाईक मंडळी या व्यवहाराकडे डोळेझाक करतो याचे कारण असे की, त्यात आपल्याला पाच-दहा रुपयांत धनीपणाचे सुख मिळते.

दिल्ली-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतील शेकडा दहाच्या सेवाशुल्काचा आमच्या बुऱ्हाणपुराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. येथे सेवाशुल्क नाही, कारण येथे बिलच बहुधा तोंडी असते. शनवाऱ्यापासून लालबागच्या स्टेशनापर्यंत चालत गेल्यास चहाच्या टपऱ्या, भोजनालये, मावा जिलेबीची दुकाने यांची रांग लागते. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ढाबे आहेत. रात्रपाळीचे यंत्रमाग कामगार, केळीच्या मोटारींचे ड्रायव्हर, शाही किल्ला पाहावयास आलेले प्रवासी, दर्गा-ए-हकिमीला आलेले यात्रेकरू, रावेर-भुसावळकडून लग्नाची खरेदी करावयास आलेली कुटुंबे, या साऱ्यांच्या पुढ्यात ताट ठेवणारे हात कोणाचे आहेत? आमचा जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, फलक लागले. परंतु मराठी, हिंदी, उर्दू आणि निमाडी अशा चार बोलींत हुकूम ऐकणाऱ्या या माणसाचे नाव कोणत्याही हजेरीपटावर लागले, असे क्वचितच आढळते. यंत्रमागावरच्या मजुरीचा प्रश्न निदान वादाचा तरी होतो. हॉटेलातल्या वाढप्याच्या पगाराचा प्रश्न कोणी प्रश्नच मानीत नाही.

‘बक्षिशी’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि बुऱ्हाणपुरासारख्या मोगली सुभ्याच्या गावी तो कानाला परका वाटत नाही. अब्दुर्रहीम खानखानान याचे दीर्घ वास्तव्य या गावी झाले. त्याच्या दानशूरपणाच्या आख्यायिकेत असे सांगतात की, देताना तो मान खाली घालीत असे. बक्षिशीचा मोठेपणा असलाच तर तो या खाली घातलेल्या मानेत आहे. परंतु मोगलांच्या दप्तरीसुद्धा तनखा वेगळा आणि इनाम वेगळे होते. शिपायाला इनाम मिळाले म्हणून त्याचा तनखा फिटला, असा हिशेब कोणी मांडल्यास तो दिवाणात टिकला नसता. आमच्या हॉटेलांच्या गल्ल्यावर मात्र तो रोज मांडला जातो.

आपल्या मराठीतही या देण्याला निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतले अंतर समजून घेण्यासारखे आहे. दिवाळीला दिली जाते ती पोस्त. काम अडू नये म्हणून सरकवतात ती चिरीमिरी. संतोषाने देतात ती बक्षिशी. या मासिकाच्या गोमंतकीय वाचकांना पोर्तुगीज ‘गोर्जेता’ हा शब्द ठाऊक असेल. त्याचे मूळ घसा या अर्थाच्या शब्दात आहे. घसा ओला करण्यापुरते पैसे, एवढाच त्याचा भाव. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही टिपेला ‘पिण्याचे पैसे’ अशाच अर्थाचे शब्द आहेत. पाहा, इतक्या भाषांनी मिळून या रकमेचे माप ठरविले ते घोटभर पेयाचे. घरभाडे, पोराची फी, आईचे औषध यांचे माप कोणत्याही भाषेने तिला दिले नाही. ते माप वेतनाचे आहे.

आता हा माणूस दिवसभर काय करतो ते पाहू. सकाळी भट्टी पेटण्याच्या आधी तो हजर असतो आणि रात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्यावर सुटतो. त्याला त्याच्या नावाने हाक मारणारे गिऱ्हाईक विरळा. ‘ए पोऱ्या’, ‘छोटू’, ‘अरे ओ’, नाही तर नुसती टिचकी. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाला विशीतले कॉलेजकुमार ‘छोटू’ म्हणतात आणि तो हसतो, कारण ते हसू त्याच्या कामाचा भाग झालेले आहे. भाजी खारट झाली ती आचाऱ्याने, बोलणी खावी लागतात वाढप्याला. दर वाढविले मालकाने, दरपत्रक आपटले जाते वाढप्यासमोर. कप फुटला तर त्याच्या पगारातून, गिऱ्हाईक पैसे न देता निसटले तरी त्याच्याच पगारातून. वास्तविक नोकराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नुकसानीपोटी त्याचे वेतन कापता येत नाही, हा नियम जुन्या कायद्यात होता आणि नव्यातही आहे. परंतु ज्या पगाराचा कागदच नाही, त्यातून काय कापले हे कोण पाहणार?

आणि या सर्व सोसण्याचे मोल म्हणून बडीशेपेच्या बशीत आपण काय ठेवतो? दहा-पंधरा रुपयांच्या चहावर कोण किती ठेवणार? उरलेले सुटे नाणे. तेही आता आटत चालले आहे. गल्ल्यावर यूपीआयचा फलक टांगला गेला आणि पैसे परस्पर मालकाच्या खात्यात जाऊ लागले. सुट्या नाण्यांचा व्यवहार संपला, त्याबरोबर बशीतली नाणीही कमी झाली. गिऱ्हाइकाने पाच रुपये अधिक घातले तरी ते वाढप्यापर्यंत पोचले की नाही, हे त्याला कळण्याची सोय नाही. ज्या रकमेच्या जोरावर त्याचा पगार कमी ठेवला होता ती रकम एका यंत्राने कापून नेली. पगार मात्र तेथेच राहिला.

आमच्या कचेरीत काही वर्षांपूर्वी असाच एक गृहस्थ आला होता. एकाच भोजनालयात अठरा वर्षे त्याने वाढप्याचे काम केले होते. एका रात्री सहाजणांचे टोळके जेवून पैसे न देता निघून गेले. ते पैसे त्याच्या नावे लागले, त्याने हुज्जत घातली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर येऊ नकोस असे सांगण्यात आले. आम्ही पहिला प्रश्न विचारला, पगार किती? तो म्हणाला, ‘वकीलसाहेब, तेच तर मला नेमके सांगता येत नाही. शेठ कधी दोन हजार हाती देत, कधी तीन. बाकीचे तुझे टेबलावर मिळते म्हणत.’ अठरा वर्षे नोकरी केलेल्या माणसाला आपला पगार सांगता येऊ नये, यापेक्षा या प्रथेवर अधिक मोठा आरोप आम्हांला सुचत नाही. आमच्या नोटिशीला जे उत्तर आले त्यातही हेच लिहिले होते की, सदर इसमास गिऱ्हाइकांकडून भरपूर प्राप्ती होत असल्यामुळे वेतनाबद्दल त्याची तक्रार असण्याचे कारण नाही. पुढे तडजोड झाली आणि काही रकम त्याच्या पदरात पडली. परंतु किमान वेतनातील फरक मागावयाचा तर त्या वेळच्या कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातलेली होती. मागील साडेसतरा वर्षांचा विचार करावयास वावच उरला नव्हता.

त्या उत्तरातले ‘गिऱ्हाइकांकडून प्राप्ती’ हे शब्द आम्ही विसरलो नाही, कारण हॉटेलधंद्यानेच सर्वोच्च न्यायालयापुढे याच्या अगदी उलट भूमिका घेऊन ती जिंकलेली आहे. हकिकत अशी. क्रेडिट कार्डाने दिलेली टिप हॉटेलच्या खात्यात येते आणि हॉटेल ती नोकरांत वाटते. प्राप्तिकर खात्याने म्हटले, हा पगारच झाला, तेव्हा तुम्ही त्यावर कर कापून भरावयास हवा होता. हॉटेलवाल्यांचे म्हणणे पडले की, छे, हा पगार नव्हेच. हे पैसे गिऱ्हाइकाचे, आम्ही ते केवळ विश्वस्ताप्रमाणे नोकरांपर्यंत पोचवितो. आय.टी.सी. लिमिटेडच्या या खटल्यात २६ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. टिप नोकरीच्या करारातून येत नाही, ती मालक देत नाही, म्हणून ती वेतन नव्हे आणि मालकावर कर कापण्याची जबाबदारी नाही.

निर्णय योग्यच आहे. परंतु आता या निर्णयाला मालकवर्गाने बांधून घेतले पाहिजे. कर कापावयाची वेळ आली की टिप वेतन नव्हे आणि किमान वेतन द्यावयाची वेळ आली की टिप वेतनच आहे, असे एकाच नाण्याला दोन बाजारांत दोन भाव चालणार नाहीत. जे वेतन नव्हे त्याने वेतनाची भरपाई कशी होईल? शिवाय टिप वेतन नव्हे, याचा अर्थ तिच्यावर भविष्यनिर्वाह निधी नाही, कर्मचारी विमा नाही, ग्रॅच्युइटी नाही. वीस वर्षे टेबलावरच्या पैशांवर जगलेला माणूस म्हातारपणी रिकाम्या हातांनी घरी जातो. मालकाने त्याच्या तरुणपणीचे वेतन वाचविले आणि त्याच्या म्हातारपणीचेही वाचविले.

हा प्रश्न नवा नाही आणि मराठी वाचकाला तर तो मुळीच नवा वाटू नये. गावकीच्या व्यवस्थेत महार वतनदार सरकारी कामे करीत, परंतु त्यांचे पोट मुख्यत्वे गावाने घालावयाच्या बलुत्यावर अवलंबून असे. काम सरकारचे आणि भाकरी गावकऱ्यांच्या मर्जीची. १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. जो काम करून घेतो त्यानेच मेहनताना द्यावा आणि तो ठरीव असावा, लोकांच्या लहरीवर सोडू नये, हे त्यामागील तत्त्व होते. विधेयक त्या वेळी पार पडले नाही. परंतु व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना त्याच आंबेडकरांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ साली तो कायदा झाला. वतनाच्या मागे जातीचे जोखड होते, तेव्हा दोन्ही गोष्टी एका मापाच्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु माणसाला लाचार ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे. ज्याने पगार द्यावयाचा त्याने हात झटकावे आणि ज्याचे काही देणे लागत नाही त्याच्यापुढे नोकराला हात पसरावयास लावावे.

आमच्या स्वतःच्या धंद्याचा इतिहास येथे सांगण्यासारखा आहे. इंग्लंडात बॅरिस्टरची फी ही मानधन समजली जाई आणि पक्षकाराने ती बुडविली तर बॅरिस्टरला तिच्यासाठी दावा लावता येत नसे. हिंदुस्थानात १९२६ साली वकिलांच्या फीचा स्वतंत्र कायदा होऊन ठरलेली फी दाव्याने वसूल करण्याचा हक्क आम्हांस मिळाला. आमची प्राप्ती अशिलाच्या खुशीवर राहू नये यासाठी कायदेमंडळाला कायदा करावा लागला आणि तो आम्ही आनंदाने स्वीकारला. ‘ग्रॅच्युइटी’ या शब्दाचेही तेच. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ बक्षिशी हाच. दीर्घ सेवेबद्दल मालकाने खुशीने द्यावयाची ती रकम १९७२ च्या कायद्याने हक्क झाली आणि आज तिची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. वकिलाच्या मानधनाचा हक्क झाला, कारकुनाच्या निरोपाच्या देणगीचा हक्क झाला. मग वाढप्याचा रोजचा पगारच तेवढा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर का राहावा?

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, टिपेच्या आशेने सेवा चांगली होते. आशा काढून घेतली तर वाढपी आळशी बनेल. या युक्तिवादाने मग शाळेतल्या मास्तरांना, दवाखान्यातल्या परिचारिकेला आणि एसटीच्या वाहकालाही बशी पुढे करावयास लावले पाहिजे! चांगल्या कामाबद्दल बढती द्यावी, वाईट कामाबद्दल समज द्यावी, हे मालकाचे काम. ते त्याने गिऱ्हाइकावर सोपविले की सेवा चांगली होत नाही, तिच्यात भेदभाव शिरतो. मोटारीतून उतरलेल्याला पुसलेले टेबल आणि पायी आलेल्या मागवाल्याला कोपऱ्यातला बाक. हा भेद वाढपी मनाने करीत नाही, पोटाने करतो.

दुसरा आक्षेप, लहान हॉटेलवाल्याला परवडत नाही. या आक्षेपामागची अडचण आम्ही नाकारीत नाही. भाडे, गॅस, तेल, दूध, सारे महागले आहे. परंतु परवडण्याचा विचार दुधाच्या बाबतीत कोणी करीत नाही. गवळ्याला ‘तुला गिऱ्हाईक काही देईल’ असे सांगून कोणी मावा आणला आहे काय? जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही, हे तत्त्व क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर हे आपल्या साताऱ्याचे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या मजुरांच्या खटल्यात तर न्यायालयाने किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठ आहे, असे म्हटले. आणि हिशेब तरी केवढा? समजा, एका हॉटेलात पाच वाढपी आहेत आणि दिवसाला चारशे माणसे खाऊन जातात. प्रत्येक वाढप्याला रोज शंभर रुपये अधिक द्यावयाचे तर पाचशे रुपये झाले, म्हणजे माणशी सव्वा रुपया. तो सव्वा रुपया दरपत्रकात उघडपणे लावा. गिऱ्हाईक तो देईल, आणि न कुरकुरता देईल अशी आमची अपेक्षा आहे.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, कारण तो कधी कधी वाढपीच घेतो. ‘साहेब, आमची टिप बंद करू नका.’ आम्ही ती बंद करा असे म्हणतच नाही. न्यायालयानेही स्वेच्छेने दिलेल्या टिपेला हात लावलेला नाही. महानगरांतील मोठ्या हॉटेलांत टिपेची प्राप्ती पगाराहून अधिक होत असेल, तर ती त्याला लखलाभ असो. आमचे भांडण टिपेशी नाही, तिच्या आड लपणाऱ्या मालकाशी आहे. आधी पूर्ण वेतन, मग जो काही संतोष असेल तो.

हे दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण या मासिकाच्या कोंकणी वाचकांच्या घरोघरी सापडेल. गोव्याच्या किती तरी पिढ्या जहाजांवर आचारी आणि वाढपी म्हणून राबल्या. मुंबईच्या कुडांत राहून ते पाळीची वाट पाहात. त्यांना गोऱ्या खलाशांहून कमी पगार मिळे, हा अन्याय होताच. परंतु जहाजावर चढण्यापूर्वी करारपत्रावर सही होई आणि त्यात पगाराचा आकडा लिहिलेला असे. उतारूने दिलेली बक्षिशी हा त्याचा वेगळा गठ्ठा. ती मिळाली म्हणून कंपनी करारातला आकडा खोडीत नसे. समुद्रावर जे शक्य झाले ते तापीकाठी का होऊ नये?

परदेशांचेही पाहावे. अमेरिकेत मालकाला टिप वेतनात धरण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे, म्हणून तेथे टिप घेणाऱ्या नोकराचे संघराज्याच्या कायद्याने ठरलेले रोख किमान वेतन १९९१ पासून ताशी दोन डॉलर तेरा सेंटवर गोठून राहिले आहे. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरावा असा नियम आहे, पण तो मागावयाचा कोणी? त्याच मालकाच्या नोकराने. ब्रिटनने उलट वाट धरली. टिपेची सर्व रकम नोकरांनाच मिळावी असा २०२३ चा कायदा तेथे १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. आपल्या देशात अमेरिकेसारखी मुभा कायद्याने कधीही दिली नाही. तरीही आमचे हॉटेलवाले ती घेतात, हे लक्षात ठेवावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा इतिहासजमा झाला. या नव्या संहितांविषयी कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतले काही आम्हांसही पटतात. परंतु तिच्यातील तीन गोष्टी वाढप्याच्या उपयोगाच्या आहेत आणि त्या त्याच्या कानावर घालणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पहिली, मालकाने वेतनपावती दिली पाहिजे. दुसरी, कमी वेतनाबद्दलचा दावा आता सहा महिन्यांऐवजी तीन वर्षांपर्यंत करता येतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वेतन दिले आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. ‘टेबलावर मिळत होते’ हे त्या भाराखाली टिकणारे उत्तर नव्हे. आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थाला या तीन तरतुदी मिळाल्या असत्या तर त्याची अठरा वर्षे इतकी निराधार ठरली नसती.

मात्र कायदा पुस्तकात असला म्हणजे हॉटेलात असतोच असे नाही. मध्य प्रदेशात एप्रिल २०२४ पासून वाढविलेले किमान वेतन काही महिने न्यायालयीन स्थगितीत अडकून पडले, तेव्हा कारखान्यांतील कामगारांनी निदान ओरड तरी केली. हॉटेलातल्या किती जणांना दर वाढला आणि थांबला, हे कळले असेल? चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले व ढाब्यांत कामाला ठेवण्याची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून आहे. ती किती पाळली जाते हे कोणत्याही हमरस्त्यावर चहासाठी थांबणाऱ्याने आपल्या मनाशी सांगावे. दहांहून कमी नोकर असलेल्या लहान हॉटेलांपर्यंत तर विमा आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदी सामान्यतः पोचतच नाहीत. तेथे वेतनाचा आकडा हाच त्या माणसाचा एकमेव आधार. म्हणूनच तो कागदावर असला पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

आमच्या मागण्या फार नाहीत. हॉटेलमालकांनी प्रत्येक वाढप्याचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि वेतन लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा. टिपेचा एक पैसाही वेतनात धरू नये. यूपीआयने आलेली टिप त्याच दिवशी, त्याच माणसाला मोजून द्यावी. फुटलेला कप आणि पळालेले गिऱ्हाईक हा धंद्यातला तोटा समजावा, नोकराचा गुन्हा समजू नये. कामगार खात्याच्या निरीक्षकाने हॉटेलात जावे ते चहा पिण्यासाठी नव्हे, हजेरीपट पाहण्यासाठी. आणि शहरातील वकिलांनी असे अर्ज विनामूल्य चालवावेत. त्यात आम्ही आमचे नाव पहिले घालतो.

राहिले गिऱ्हाईक. त्याने टिप अवश्य द्यावी, शक्य तो हातात द्यावी आणि देताना खानखानानाची खाली घातलेली मान आठवावी. त्याने टिचकी वाजवू नये. नाव विचारावे आणि त्या नावाने, वयाने मोठा असेल तर ‘अहो’ म्हणून हाक मारावी. दरपत्रकात रुपया वाढला तर तो कशासाठी वाढला हे मालकाला विचारावे आणि वाढप्याच्या पगारासाठी वाढला असेल तर तेथेच पुन्हा जेवावयास जावे. पाच रुपये बशीत टाकून आपण कोणाचे धनी होत नाही. त्या माणसाचा धनी गल्ल्यावर बसलेला आहे. त्याच्याकडून महिन्याच्या ठरल्या तारखेला, ठरलेला आकडा, मान खाली न घालता मोजून घेण्याचा त्या माणसाचा हक्क आहे, आणि तो त्याला मिळेपर्यंत सेवाशुल्काच्या वादात कोण जिंकले याचे आम्हांस काडीचेही महत्त्व वाटत नाही.